माळ्यावरचे वाचक

दुर्गापुरा, जयपूर
१२ डिसेंबर २००४

प्रिय श्रीपाद,

तुझ्या लेकीच्या, उत्कर्षाच्या लग्नाहून परतून तीन आठवडे झाले. काल तुझं पत्र आलं, पाठोपाठ मनीऑर्डर. माझ्या नव्या कादंबरीसाठी संगमनेरच्या चाळीस जणांनी आगाऊ पैसे दिलेत म्हणतोस. सुनंदाने नावांची यादी देवापुढे ठेवली. तिला तुमचे संगमनेरकर वाचक म्हणजे कुलदैवतच. गेल्या वेळी प्रत्येक पार्सलला हळदीकुंकवाचं बोट लावून मगच मला टपालात नेऊ दिलं होतं.

पहिली कादंबरी मी पदरच्या पैशाने छापली, तेव्हा जयपुरात सात प्रती खपल्या. इथली आपली मुलं मराठी वाचतात ती अडखळत, आणि बँकेतले मराठी साहेब प्रत मागत ती भेट म्हणून. मग तुझ्या वह्यापुस्तकांच्या दुकानातून नावं येऊ लागली. देवराम, अरुण, गंगूबाई... साठ नावं! मी प्रत्येक प्रतीवर त्या त्या माणसाचं नाव घालून सस्नेह सही केली आणि सगळ्या तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर धाडल्या. गंगूबाईंचं वय झालं असेल, म्हणून अक्षर जरा मोठं काढलं. पुढच्याच वर्षी बँकेत स्वेच्छानिवृत्ती निघाली आणि मी ती घेतली. एका गावात साठ, तर महाराष्ट्रात किती, असं माझं त्रैराशिक होतं.

आता गोपालपुऱ्यातल्या एका कोचिंग क्लाससाठी हिंदीत नोट्स लिहितो. दर शनिवारी एक प्रकरण, वर नाव मालकाचं. तिथे सगळे मला रायटरजी म्हणतात. घरी कादंबरी लिहायला बसलो तरी हातून 'महत्त्वपूर्ण प्रश्न' उतरतात. तरीही रेटून पुरी केली, ती त्या साठ जणांसाठी.

लग्नाच्या दिवशी वहिनींनी मला जादा गाद्या काढायला माळ्यावर चढवलं. गाद्यांमागे खोका होता. साठच्या साठ प्रती, माझ्या सह्यांसकट. गंगूबाईंचीही. मी गाद्या खाली दिल्या आणि पंगतीत बसून जिलेबी खाल्ली. खूप रागावलो होतो, श्रीपाद. तू हरभऱ्याच्या झाडावर चढवलंस आणि मी वर बसून नोकरी सोडली. तू हे मायेपोटी केलंस हे कळतं, म्हणून तर जास्त लागतं. सुनंदाला सांगावं, तर मी कशाच्या भरवशावर बँक सोडली ते तिला कळेल. न सांगावं, तर तुझेच पैसे घेऊन पुन्हा सह्या करत बसायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

म्हणून हे पत्र. तुझे पैसे सुनंदाच्या नकळत परत पाठवतोय. सोबत हस्तलिखित आहे, एकच प्रत आहे, जपून वाच. त्या साठ नावांत तुझं नाव कुठे नव्हतं, आणि पहिली कादंबरी कशी वाटली, हे तू मला कधीच लिहिलं नाहीस. या वेळी लिही. वाईट असेल तर वाईट म्हण. फक्त उत्तर क्लासच्या पत्त्यावर पाठव. घरी सुनंदा चाळीस पार्सलांची सुतळी आणून बसली आहे.

तुझाच,
उमाकांत