गवताचा निळा

शनिवार, ७ मार्च

आज शनिवारच्या वर्गात चुकले. सगळ्यांसमोर.

लाल कोबीच्या रसात भिजवून वाळवलेले कागद. त्यांवर मुलं ब्रशने चित्रं काढतात — व्हिनेगरने गुलाबी, खायच्या सोड्याने निळी, धुण्याच्या सोड्याने हिरवी. इड्रिसने डोंगर काढला. मी म्हटलं, "छान! ग्लाऽस झालाय." म्हणजे निळा.

"हिरवा आहे तो, मिस!" पोरं खिदळली.

चहाच्या टेबलावरून नेस्टाकाकू ओरडल्या, "दात काय काढताय? माझी आई गवतालासुद्धा ग्लाऽसच म्हणायची! खरी वेल्श भाषा ती. शाळेत जाऊन इंग्रजाळलात तुम्ही!"

मीही हसले. तो कागद आता समोर आहे. अजून निळाच दिसतोय.

बुधवार, ११ मार्च

आम्ल-अल्कली मोजायचा मीटर म्हणतो, इड्रिसच्या कागदावर धुण्याचा सोडा, म्हणजे हिरवा. डोळे म्हणतात निळा. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मीटर बरोबर आहे.

मंगळवार, २४ मार्च

बँगोरच्या इस्पितळात डोळे दाखवले. डोळ्यामागची नस वाळत चालली आहे. आधी निळा-हिरवा फरक जातो, मग हळूहळू बारीक अक्षरं, चेहरे. बाबांकडून आलं असावं. चॅपलमध्ये ते भजनाचं पुस्तक नाकाला लावून गायचे. बेथानताई आणि मी हसायचो.

"उपाय?"

"नाही."

"चष्मा?"

"त्याने काही होणार नाही." मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरच्यांना सांगा. एकाला असलं की भावंडांना, मुलांना येऊ शकतं."

मान हलवली. सांगणार नाही. ताईला तर नाहीच — गाडीची किल्ली काढून घेईल, शनिवारचा वर्ग बंद करायला लावेल. तेवढंच तर माझं आहे.

शनिवार, २८ मार्च

निळ्याला ग्लाऽस. हिरव्यालाही ग्लाऽस. कोणी हसलं नाही. नेस्टाकाकू खूश — "एवढी शिकली, पण आपली भाषा नाही विसरली हो पोरगी!"

एक शब्द पुरतो. कुठवर, माहीत नाही. खिडकीबाहेरचा डोंगर, आकाश, दोन्ही राखेसारखी. मुलं चित्रं दाखवायला आणतात. मी म्हणते, छान. कशाला छान म्हणते, मला कळत नाही.

शनिवार, ४ एप्रिल

ईस्टरची सुट्टी. वर्ग नाही. ताई आली, पाच वर्षांच्या लेकीला, मबलीला घेऊन.

"फोन का उचलत नाहीस?"

"काम होतं."

"हाविस, तू ना, आईच्या पोटातूनच कुलूप लावून आलीस!"

ती भांडी घासत राहिली. मी पुसत राहिले. दोघी आज इथेच राहतायत.

रविवार, ५ एप्रिल

ताई चॅपलला गेली. मबली कंटाळली म्हणून तिच्यापुढे वर्गातले वाळलेले कागद ठेवले. रंगाचं नाव घेतलं नाही. नुसतं म्हटलं, "सारखे सारखे एकत्र ठेव."

तिने तीन ढीग केले. "झालं, मावशी!"

कुठल्या कागदाला काय लावलं, ते मी मागे पेन्सिलीने लिहून ठेवते. ढीग उलटवले. एकात व्हिनेगर. एकात नुसता कोबी. तिसऱ्यात दोन्ही सोडे, निळे नि हिरवे एकत्रच.

दारात ताईची चाहूल लागली आहे. सांगते.