बेंजोचा खोकला

रुआबांधा, भिलाई
दि. १९ जानेवारी

तीर्थरूप भामाताईस,
धाकट्या नत्थूचा सा. न. वि. वि.

आज रविवार. सकाळी आंघोळ केली, महाराजांच्या फोटोपुढे उदबत्ती लावली आणि व्हरांड्यात चटई टाकून भाऊजींचा बेंजो उघडला. टाइपरायटरसारखी ती सगळी बटणे एकेक करून काढली, पुसली आणि ओळीने कापडावर मांडली. खालच्या काही स्प्रिंगा दमल्या होत्या. ऑफिसात संपलेली बॉलपेने मी फेकत नाही, त्यांच्या स्प्रिंगा तिथे बेमालूम बसतात. रमा म्हणाली की आमच्या टाइम ऑफिसात पेनांचा एवढा खप का, ते आज कळले.

मग बेंजो पालथा केला. तळाची फळी तुला आठवतच असेल. पुलगावच्या फाट्यावर भाऊजी सायकलवरून पडले तेव्हा चिरली ती. तेव्हापासून तार छेडली की फळी सोबत झरझर करते. भाऊजी त्याला खोकला म्हणायचे. कुणी दुरुस्त करा म्हटले, की म्हातारा माणूस खोकलतो म्हणून त्याला काय घराबाहेर काढता, असे विचारायचे. ते गेल्यावर तू बेंजो माझ्या हाती दिलास, तो खोकल्यासकट. मीही आजवर त्याला हात लावला नव्हता.

आज लावला. बांबूची पातळ पाचर तासून चिरेत बसवली, लाकडाचा गोंद भरला, वरून वरवंटा ठेवला. कारण सांगतो. अनुजाने रायपूरहून मला कीबोर्ड आणून दिला आहे. लेकीने प्रेमाने आणला, नाही कसे म्हणू? त्यात शेकडो वाद्ये आहेत, म्हणते. भजनी मंडळातले आमचे मारोतराव तर त्याच्या प्रेमातच पडले. त्यात बेंजो नावाचेही एक बटण आहे. त्यांनी हौसेने ते दाबले, तर कुण्या परदेशातला भलताच बेंजो टणटणू लागला. महाराजांपुढे साहेब गायला बसल्यासारखे वाटले. मारोतराव मात्र हटले नाहीत. प्रकटदिनाला यंदा नवे स्पीकर आहेत, त्यातून हा खोकला दहापट ऐकू येईल, म्हणून एक तर खोकला बरा कर, नाहीतर कीबोर्ड घेऊन बस, असे त्यांनी चारचौघांत सांगितले. बेंजो सोडण्यापेक्षा औषध दिलेले बरे, असे मी ठरवले.

ताई, प्रकटदिनाला तू ये. कान गेल्यापासून तू कुठेच जात नाहीस. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून तर ही पत्रे. पण माझ्या शेजारी बसून बेंजोवर हात ठेवलास की तुला भजन कळते, हे तूच मला सांगितले आहेस. चंदनला सांग, तो नागपूरला गाडी बदलून देईल. पुढे मी दुर्ग स्टेशनवर उभा आहेच.

तुझी माया आहे तशीच राहो, एवढेच मागणे.
तुझा
नत्थू


पुलगाव
दि. १ फेब्रुवारी

चि. नत्थूस,
भामाताईचे अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. पोस्टमन आता माहाच पाहुणा झाला. तो बोंबलत नाही, म्हणून मले आवडते. बाकी सगळे माह्या कानापाशी येऊन असे ओरडतात, जशी मी पल्याडच्या काठावरची म्हैस होये. चंदननं कानाची मशीन आणून देल्ली. ती घातली का भांडेच भांडे वाजतात, माणूस एक नाही. मी ती मशीन शेवयाच्या डब्यात ठेवून देल्ली. रश्मी हासली, म्हणे सासूबाई, शेवयांले ऐकू येऊन राहिलं असन.

खोकला बरा केला म्हणतोस तर चांगलंच केलं. तुह्या भाऊजींले कोणाचं औषध कधी लागलं नाही, तुहा गोंद लागला म्हणजे तू मोठा वैद्यच झाला. पण कीबोर्ड लेकीनं देल्ला आहे, त्याले कोपऱ्यात टाकू नको. तिचं मन दुखन.

मी प्रकटदिनाले यायले नाही म्हणणार होती. तिथं बायका विचारतात, कावून बोलत नाही, रागावल्या का. आता सगळ्याइले काय सांगत बसू? पण तुह्या बाजूनं बसून हात ठेवाले भेटते, तेवढ्यासाठी येऊन राहिली. त्या पेटीवर हात ठेवला का कोपरापर्यंत मुंग्या येतात अन् मग मले ताल समजते, कोणतं भजन चालू आहे तेही समजते. देवानं तेवढी एक खिडकी उघडी ठेवली आहे.

रमाले सांगजो, मी आंबाडीची भाकर अन् ठेचा खाणार. पथ्य पुलगावलेच ठेवून येते.

सगळे सुखी राहा. मले विसरू नका.
तुही
भामाताई


रुआबांधा, भिलाई
दि. २४ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
नत्थूचा सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोहोचल्याचा चंदनचा निरोप मिळाला. घर ओकेबोके झाले आहे. तू निवडून ठेवलेली आंबाडी रमाने काल केली आणि पहिला घास तुझ्या नावाने बाजूला ठेवला.

प्रकटदिन छान झाला. पिठलं-भाकरीचा प्रसाद पुरून उरला. बेंजो स्पीकरमधून इतका स्वच्छ वाजला की मारोतरावांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. वर म्हणाले की पेशंटपेक्षा डॉक्टरच जास्त खूश दिसतो आहे.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. दुसऱ्याच भजनाला तू बेंजोवरून हात काढलास. थोडा वेळ मांडीवर ठेवलास, पुन्हा फळीवर ठेवून पाहिलास, आणि उठून मागे भाकरी थापणाऱ्या बायकांत जाऊन बसलीस. मला वाटले, कंबर दुखत असेल. आरतीलाही तू पुढे आली नाहीस. दुर्ग स्टेशनवर मी खुणेने विचारले तेव्हा तू हसून माझ्या हातात तिळाच्या लाडवांचा डबा दिलास. ते उत्तर नव्हते, हे मला कळते.

कुणी काही बोलले का? मारोतराव ओरडून बोलतात, पण ते सगळ्यांशीच तसे बोलतात. माझे काही चुकले असेल तर कान धर. रुसली असशील तर तसे लिही. पण लिही.

पत्राची वाट पाहतो. आशीर्वाद असू द्यावा.
तुझा
नत्थू


पुलगाव
दि. ५ मार्च

चि. नत्थूस,
आशीर्वाद.

कोणी काही बोललं नाही. बोललं असतं तरी मले कुठं ऐकू आलं असतं? तू उगीच मारोतरावाच्या मागे लागू नको. बिचाऱ्यानं मले दोन वेळा पिठलं वाढलं.

लिहिणार नव्हती, पण तू खोदून विचारून राहिला, तर सांगते. मी हात ठेवला अन् काहीच आलं नाही. पोळपाटावर हात ठेवल्यासारखं. म्हटलं, तू अजून तारा लावून राहिला असशील. पाहिलं तर तुही नखी चालू, लोकाइचे टाळ चालू, सगळ्याइचे तोंडं उघडे. फक्त माह्या हाताले काही समजेना. मग मले उमगलं का जे कोपरापर्यंत यायचं, तो खोकलाच होता. आवाज वेगळा अन् खोकला वेगळा, हे मले तरी कुठं माहीत होतं. मीच तुले लिहिलं होतं, चांगलं केलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी तू बाजारात गेला तेव्हा त्या कीबोर्डवरही हात ठेवून पाहिला. रमानं वाजवून दाखवलं. गरम लागते, दूध ठेवलेल्या भांड्यासारखं, पण अंदर कोणी नाही.

तू मन खट्टू करू नको. इतके वर्ष तुहे भाऊजी खोकलले, आता गप झाले. माणसानं कितीक दिवस खोकलावं? भजन सगळ्याइसाठी असते, एका बहिऱ्या बाईसाठी नाही. लोकाइले चांगलं ऐकू आलं, त्यातच महाराज पावले. बेंजो आता आहे तसाच ठेव. सारखं खोलू नको, जुनं लाकूड आहे, फाटन.

यंदा उन्हाळ्यात मी कुठं येत नाही. रमाले, अनुजाले आशीर्वाद.

लोभ तुहा आहेच, तो मले दिसते.
भामाताई


रुआबांधा, भिलाई
दि. २३ मार्च

तीर्थरूप भामाताईस,
नत्थूचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचले. रमालाही वाचून दाखवले. ती उठली, गॅसवर पाणी ठेवले आणि जुन्या धोतराच्या चिंध्या माझ्यापुढे आणून टाकल्या.

तू खोलू नको म्हणालीस, आणि मोठ्या बहिणीचा शब्द मी कधी मोडला नाही. हा पहिलाच. लाकूड फाटेल ही भीती मलाही होती. फाटले असते तर खोकलाही गेला असता आणि बेंजोही, मग तुला काय तोंड दाखवले असते? महाराजांपुढे नारळ ठेवला आणि बसलो. चिंध्या गरम पाण्यात बुडवायच्या, पिळायच्या आणि चिरेवर ठेवायच्या, गोंद मऊ होईपर्यंत. लोक खोकला जावा म्हणून छाती शेकतात. मी तो यावा म्हणून शेकत होतो. सुटीचे दोन रविवार त्यातच गेले. शेवटी जुन्या ब्लेडने उचकली तेव्हा पाचर अख्खी बाहेर आली. फळी शाबूत आहे.

पण खोकला लगेच परतला नाही. आधी नुसता रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा खडखडाट झाला. चिरेत गोंदाचे कण होते, ते सुईने टोकरून काढले. मग माझी अडचण अशी, की मला कानाने ऐकू येते. तुझ्या हाताला काय हवे ते माझ्या कानाला कसे कळणार? तेव्हा रमा कानात कापूस घालून, डोळे मिटून बसली आणि तिने फळीवर हात ठेवला. मी तार छेडायचो आणि ती सांगायची. पहिल्यांदा म्हणाली, माशी बसली. मग म्हणाली, शेजाऱ्यांची मोटार चालू झाली. मी फळी धरून ठेवणारा तळाचा स्क्रू दर वेळी अर्धा फेरा ढिला करत गेलो. शेवटी तिने दचकून हात उचलला आणि कोपर चोळत हसत सुटली. कापूस काढायचेही तिला सुचले नाही, मोठ्याने ओरडून सांगू लागली, की आले, भाऊजी आले. शेजारच्या सिन्हाबाई कोण पाहुणे आले म्हणून बघायला आल्या.

अनुजा होळीला आली होती. तिला सगळे सांगितले. वाटले, रागावेल. ती कीबोर्ड पुसत म्हणाली, बाबा, यातले एक बटण बिघडले तर दुर्गचा दुकानदार आतली अख्खी प्लेटच बदलायला सांगतो. मी तिला म्हटले, पोरी, दुरुस्त तर कदाचित तोही होईल. पण चुकीची दुरुस्ती केली तर ती मागे घेता आली पाहिजे, आणि मला ती फक्त बेंजोतच घेता येते. कीबोर्ड तिच्याच हाताने मंडळाला दिला. मारोतरावांची नात समृद्धी तो वाजवते, आणि बरा वाजवते.

राहिले मारोतराव. गुरुवारी त्यांनी पहिलीच तार ऐकली आणि टाळ खाली ठेवले. म्हणाले, जुन्याचे नवे करणारे पुष्कळ पाहिले, नव्याचे जुने करणारा तू एकटाच. मी तुझे पत्र वाचून दाखवले नाही, ते आपले आहे. एवढेच म्हटले, की माईक कीबोर्डपुढे ठेवा. बेंजो माईकशिवाय वाजेल, पण खोकल्यासकट वाजेल आणि त्याच्याजवळ एका माणसाची जागा रिकामी राहील. हे चालत नसेल तर मी मागे बसून टाळ्या वाजवीन. मारोतरावांनी चष्मा पुसला. मग आपली सतरंजी उचलून त्यांनी हातभर पलीकडे सरकवली आणि ओरडले, बाईला सांग, जागा झाली.

उन्हाळ्यात तू येणार नाहीस म्हणालीस, म्हणून मीच निघतो आहे. रामनवमीच्या आदल्या दिवशी बेंजो घेऊन पुलगावला पोहोचतो. तुझ्या अंगणात वाजवीन. हात ठेवून तूच सांग, स्क्रू अजून ढिला हवा की पुरे. पेचकस सोबत आणतो. रश्मीला सांग, शेवयांच्या डब्यातले मशीन तिथेच राहू दे, फक्त शेवया कर.

माझ्या डोक्यावर तुझा हात आहेच. थोडा बेंजोवरही असू दे.
तुझा
नत्थू

ता. क. काढलेली पाचर फेकली नाही. आमच्या कपाटाचा एक पाय डुगडुगत होता, काल ती त्याच्याखाली ठोकून बसवली.