एक्स-रेवाल्या काकांकडची काळी पट्टी

सांगली, मार्च १९९६. शुक्रवार, संध्याकाळ.

आली! पट्टी आली! इतक्या घाईत लिहितेय, की माझंच अक्षर मला लागत नाहीये.

कॉलेजात डार्करूम नाही, म्हणून प्रयोगाची फिल्म धुवायला नेहमीसारखी शिंदेकाकांच्या एक्स-रे क्लिनिकमध्ये गेले. काकांनी ओली फिल्म उजेडावर लावली, कुणाच्या तरी मोडक्या पायाशेजारी.

"म्याडम, हाड तर कुठंच दिसंना. पेशंट हाय तरी कोण?"

"कोंबडीचं पिल्लू, काका. अंड्यातलं."

वर्षभर माझे मार्गदर्शक सर म्हणतायत, पिल्लाच्या कोवळ्या पेशीत स्नायू घडवणारं प्रथिन नसतंच, म्हणून तिचा स्नायू होत नाही. मी म्हणत होते, असतं, पण दुसऱ्या एका प्रथिनानं त्याला धरून ठेवलेलं असतं. "पुरावा आणा, बाई." सगळ्यांसमोर!

म्हणून या वेळी त्या धरणाऱ्यालाच पेशीतून ओढून काढलं, तर आपलं प्रथिन त्याला चिकटून बाहेर! फिल्मवर जिथं आपलं प्रथिन, तिथं काळी पट्टी उमटते: कोवळ्या पेशींच्या रांगेत काळीभोर पट्टी. स्नायू झालेल्या पेशींच्या रांगेत कोरं, म्हणजे तिथं त्याला कुणी धरलेलंच नाही. पकड सुटली, की स्नायू. इतकं साधं? पुन्हा करून बघायला हवं का? हवंच. करीन. आज मात्र नुसती पट्टी बघत बसणार.

निघताना काकांनी फिल्म पिवळ्या पाकिटात घातली नि पेन काढलं. "वर पेशंटचं नाव लिवावं लागतंय. काय लिवू?"

आज मोडलंय ते सरांचंच म्हणणं, मी त्यांचं नाव सांगितलं. आडनावासकट.