माईची वडी, बाटलीतली

६ एप्रिल

रूपल उद्या येतेय! माईने सकाळपासून चार वेळा विचारलं, "गादी उन्हात टाकली का?" टाकली. "नवापूरला पापलेट सांगितलं का?" सांगितलं. बाबा गेल्यापासून बारा वर्षं या घरात, या वाडीत मी आहे. माझ्यासाठी गादी उन्हात टाकलेली आठवत नाही. पण धाकटी लेक पुण्याहून येणार — मग काय!

७ एप्रिल

आली. बोईसर स्टेशनवरून रिक्षाने, मांडीवर खोकं घेऊन. खोक्यात सहा बाटल्या. काळी बिअर — स्टाउट म्हणतात म्हणे. पुण्यात ती आणि तिचा भागीदार दिग्विजय मिळून लहानसा कारखाना चालवतात, तिथली नवी. गोड पदार्थाच्या चवीची. कुठला पदार्थ? लेबलवरच छापलंय — "माईची वडी".

माईला बारीक अक्षर दिसत नाही. मीच वाचून दाखवलं. मीच! माईने बाटली उराशी धरली. "माजं नाव? दारूवर? लाज नाय वाटत तुला?" — आणि हसतेय काय, डोळे पुसतेय काय!

खोबरं तांबूस होईस्तोवर परतायचं, मग गूळ, शेवटी वेलची. माईचे गुडघे गेल्यापासून कढईशी कोण उभं असतं? ही फक्त ताटातली कोपऱ्याची वडी उचलायला यायची. आणि आता वडी हिची झाली.

"ताई, आधी तू चाख," म्हणाली. "टाकी भरलीय, या सहा सोडून बाटल्या अजून भरल्या नाहीत. तू सांगशील ते फायनल."

डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

८ एप्रिल

दुपारी रूपल मासे आणायला नवापूरला गेली, माई झोपली. एक बाटली उघडली.

स्टीलच्या पेल्यात ओतली. काळीकुट्ट, वर दाट चहाच्या रंगाचा फेस. पहिला घोट कडू, कोऱ्या कॉफीसारखा. गार होती म्हणून असेल, दुसरं काहीच कळेना. बरं वाटलं! एवढंच ना तुझं कौतुक? पेला तसाच ठेवून दोरीवरचे कपडे काढून आणले, घड्या घातल्या. मग दुसरा घोट घेतला. गारवा उतरला होता. आधी भाजल्याचा वास, मग गूळ — आणि गिळल्यावर, मागून, घशाशी खोबरं. तांबूस परतलेलं. माझ्या हातचं नव्हे. माईच्या. तिला तासभर कढईशी उभं राहता यायचं, तेव्हाचं.

माझी वडी अशी कधी झाली नाही. बारा वर्षांत एकदाही नाही.

पेला धुऊन पालथा घातला. रिकामी बाटली मागच्या पडवीत नारळाच्या सोडणांखाली लपवली. चोरासारखी. माझ्याच घरात.

संध्याकाळी आइस्क्रीम. नवापूरहून येताना रूपल व्हॅनिलाचा डबा घेऊन आली होती. वाटीत एकेक गोळा आणि त्यावर स्टाउटची बारीक धार. माई "आमी नाय असलं काय घेत" म्हणत म्हणत वाटी चाटून मोकळी! "आइस्क्रीम हाय ते. दारू कुठं हाय त्यात?" मीही खाल्लं. नुसत्या आइस्क्रीमने तोंडाला मिठी बसते, ती या कडूपणाने बरोबर सुटते. शेवटी तळाला जे पातळ, तपकिरी उरतं ना — चमचा टाकून वाटीच तोंडाला लावावी असं. लावली नाही. तिच्यासमोर नाही लावणार.

तिने स्वतः घेतलंच नाही. नुसती आमची तोंडं बघत बसली. रोज तेच असतं म्हणे. मिजास!

९ एप्रिल

सकाळी ओटीवर गाठलं मला. "आता सांग ना, ताई. खरं सांग. माईचं काय, मी नुसतं पाणी दिलं तरी गोड म्हणेल."

हेही खरंच. मी दिलं तर मात्र विचारेल, पाणी गाळलंस का!

म्हटलं, "खोबरं करपलंय. ही वडी नाहीच. माईचं नाव काढून टाक त्याच्यावरचं."

वाद घातला नाही तिने. मला वाद हवा होता. उठून वाडीत गेली, चिकूखाली उभी राहून दिग्विजयला फोन. मला ऐकू आलं — "थांबव. बाटल्या भरू नको. ताईला करपट लागली."

इतकं बरं वाटलं! चहा केला, आलं घालून. तिलाही दिला. तिने मुकाट प्यायला.

१० एप्रिल

गेली. माई जेवली नाही.

११ एप्रिल

चार बाटल्या उरल्यात. फ्रिज उघडला की समोर. माईने दोनदा विचारलं, "पोर अशी उतरल्या तोंडानं का गेली?" मला काय माहीत, म्हणाले. माईने माझ्याकडे पाहिलं.

१२ एप्रिल

सकाळी दिग्विजयचा फोन. "चारुताताई, खरंच करपलीय का हो? मला तर छान लागतेय. पण ती ऐकत नाही. आज टाकी ओतून द्यायची म्हणते." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तिने सांगितलं नसेल तुम्हाला. जानेवारीत ताप आला, तेव्हापासून तिला वास नाही, चव नाही. हे सगळं तिने आठवणीवर केलंय. म्हणून तर तिकडे आली. म्हणाली, माईची चव आता फक्त ताईच्या जिभेवर आहे."

म्हटलं, ओतू नका. मी खोटं बोलले.

म्हटलं, फोन तिला द्या.