फटीतला कागद

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
१९ जानेवारी २०२५, रविवार

ती. रामदासभाऊस,

लीलाधरचा नमस्कार. सुमनवहिनींनाही सांग. इकडे आम्ही तिघं ठीक आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालतो. बारा वर्षांत लग्नकार्यात "बरं आहे ना?" "बरं आहे" यापुढे आपलं बोलणं गेलेलं नाही, म्हणून पाकीट बघून तू काळजीत पडशील. पडू नको. कुणी आजारी नाही आणि मला काही मागायचं नाही. फोन केला असता, पण फोनवर आपलं जमत नाही. चेतनच्या मोबाइलवर निरोप टाकावा, तर तुझा हा पोरगा ओट्यावर उभा राहून सगळ्या फोपनार गावाला वाचून दाखवतो.

बातमी अशी की मी वाल्वचा अॅम्प्लिफायर बांधला.

दुरुस्त नाही केला. बांधला. कोरा पत्रा कापला, भोकं पाडली, कानशीने कडा घासल्या, तिथपासून सगळं माझ्या हातचं. शनवाऱ्याच्या चौकातल्या आपल्या रेडिओच्या दुकानातली हिरवी पेटी आठवते? जुन्या रेडिओंचे काढलेले वाल्व तू वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचास, वर निळ्या पेन्सिलीने 'चांगला', 'बरा', 'देवाच्या भरोशावर' असं लिहून. त्यातला एक 'चांगला' मी घेतला. एकच. दोन वाल्व अर्धं-अर्धं काम वाटून घेतात तसली रचना मला नको होती. सगळा सूर, वरचा आणि खालचा, एकट्याने उचलायचा. गाणं चालू असो की बंद, त्याला पूर्ण वेळ तापून उभं राहायचं. ताकद म्हणशील तर पाच वॅटही नाही. लग्नाच्या मांडवात कुणी हुंगणार नाही असली. पण आमच्या पुढच्या खोलीला पुरून उरते.

कागदावर गणित करायला मला चार महिने लागले. दहावी नापास माणूस आहे मी, तुला माहीत आहे. पण आता कुणाही इंजिनिअरला समोर बसव, प्लेटवर दोनशे पन्नास व्होल्ट का आणि दोनशे ऐंशी का नाही, हे मी त्याला पटवून देईन.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला. शेजारच्या अन्सारीभाईंचे लूम बंद पडले, त्यांचं कांडी भरायचं मशीन कोपऱ्यात पडून होतं, ते मागून आणलं. सुताच्या जागी केसाएवढी तांब्याची तार लावली. एका बाजूला अडीच हजार वेढे, दुसऱ्या बाजूला शंभर. अठराशे त्रेसष्टाव्या वेढ्याला तार तुटली. सगळं सोडलं आणि पहिल्यापासून गुंडाळलं. शारदा म्हणाली, "सांधा मारून टाका ना, आत कोण बघणार आहे?" मी म्हटलं, मी बघणार आहे.

आणि ती फट. एकाच वाल्वचा ट्रान्सफॉर्मर म्हटला की वीज एकाच दिशेने सारखी वाहते आणि लोखंड तुंबतं, म्हणून त्याच्या दोन भागांमध्ये कागदाएवढी फट सोडायची. हे तूच शिकवलंस. तू तिथे बसचं जुनं तिकीट घालायचास. "फोपनारचं तिकीट बरोबर मापाचं आहे," म्हणायचास. मी घरभर शोधलं, एक तिकीट निघालं नाही. शेवटी एका जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी कापून घातली. जाडी मोजून घेतली, बरोबर बसली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला, बटण दाबलं. भाऊ, तो वाल्व लागताना बघायचा. आधी काहीच नाही. मग आतल्या आत, काचेच्या पोटात, चूल फुंकल्यावर निखारा धरतो तसा एक बारीक तांबडा दोरा उजळला. मी सनईची जुनी तबकडी लावली. सनई वाजली नाही, खोलीत येऊन बसली. काच, पत्रा, तांबं आणि एक कागदाची पट्टी. यातलं काहीही गात नाही. मग गातंय कोण? मी कितीतरी वेळ उभाच होतो. शारदा चहा घेऊन आली, तर मी तिला हात करून दारातच थांबवलं.

आणि शांतता! तबकडी उचलली की काही नाही. घरघर नाही, शिट्टी नाही. कुठल्या कंपनीला जमणार नाही असा निर्मळ झालाय.

डावा तयार आहे. दोन्ही कानांना वेगळा सूर हवा, तर असाच दुसरा बांधावा लागेल, उजवा. त्याचा पत्रा कापून ठेवलाय. बघू.

एवढंच कळवायचं होतं. तू विचारलं नव्हतंस, तरी.

तुझा,
लीलाधर



लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
५ फेब्रुवारी २०२५, बुधवार

भाऊ,

नमस्कार. मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. बरंच झालं. त्यातलं एक वाक्य चुकीचं होतं, आणि तू त्यालाच शाबासकी दिली असतीस तर मला जास्त लागलं असतं.

'शिट्टी नाही' असं मी लिहिलं होतं. होती.

ते पत्र टाकलं त्याच आठवड्यात अमृता इंदूरहून सुटीला आली. मी तिला खुर्चीत बसवलं, बटण दाबलं, वाल्व तापू दिला. अजून तबकडी लावली नव्हती. ही पोरगी मान वाकडी करून म्हणते, "पप्पा, इसमें झिंगुर बैठा है क्या?"

"कसला झिंगुर?"

"अहो रातकिडा," शारदा आतून म्हणाली. "मी पहिल्या दिवसापासून ऐकून राहिले. मला वाटलं तसंच असतं त्याचं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही चहासुद्धा आत येऊ दिला नाही!"

मी दोघींना वेड्यात काढलं. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, खिडक्या लावल्या. स्पीकरला कान चिकटवला. काही नाही. अमृता म्हणाली, "अभी भी आ रहा है, पप्पा. एकदम बारीक. सुईसारखा." मी म्हणालो, तुझ्या डोक्यात येतोय, दिवसभर त्या मोबाइलच्या नळ्या कानात घालून बसतेस. संध्याकाळी ती मला स्कूटीवर मागे बसवून गावाबाहेर केळीच्या बागेजवळ घेऊन गेली. इंजिन बंद केलं. म्हणाली, "पप्पा, अब बताओ, क्या सुनाई देता है?"

मी म्हटलं, काय ऐकू येणार? ट्रॅक्टर येतोय लांबून. पानं वाजून राहिलीत.

"और झिंगुर?"

भाऊ, तुला हसू येईल. मी तिला सांगितलं, बेटा, रातकिडे संपले. केळीवर औषधं मारून मारून संपले, दहा-बारा वर्षं झाली. मी हे चौकात कितीतरी लोकांना सांगत आलोय. जरा भाषणच करायचो म्हण ना. लोक मान डोलवायचे. आता कळतं, ते माझ्या तोंडावर काही म्हणत नव्हते. अमृताने माझा हात धरला आणि म्हणाली, "पप्पा, कान फट रहे हैं मेरे, इतने झिंगुर हैं यहाँ."

मी त्या बागेकडे बघत राहिलो. सगळी बाग ओरडत होती आणि माझ्यासाठी नुसती पानं हलत होती.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "लूममध्ये काम केलंय का?" दुकान बंद झाल्यावर मी लूमच्या मोटारी दुरुस्त करत फिरलो, रोज आठ-आठ तास त्या खटाखटीत. त्यांनी कानाचा आलेख काढून दिला. खालचे सूर ठीक. वरच्या सुरांना रेघ घाटावरून उतरावी तशी खाली गेली आहे. गेलेलं परत येत नाही म्हणाले.

इथवर लिहून मी दोन दिवस पेन खाली ठेवलं होतं. आता पुढचं लिहितो.

शिट्टी काढायची होती आणि मला शिट्टी ऐकू येत नव्हती. अमृताला सांगितलं, तू बस आणि हात वर-खाली कर. आवाज वाढला तर वर. तिने तासभर केलं, मग हात दुखला बिचारीचा. तेव्हा मला तुझा मीटर आठवला. काट्याचा. दुकानाची किल्ली ठेवून गेलास तेव्हा किल्लीशेजारी ठेवला होतास तो. मी बारा वर्षं त्याला हात लावला नव्हता.

तू दुरुस्तीला बसलास की त्या काट्याकडे टक लावून असायचास. मी चिडवायचो, "कान गहाण टाकलेत का?" तू म्हणायचास, "तुझं बोलणं ऐकण्यापेक्षा काटा बरा." मला वाटायचं, ही तुझी खोड आहे. मीटर लावला, अॅम्प्लिफायरची पेटी चालू केली, आणि आइसक्रीमच्या काडीने आतली एकेक तार हलवत गेलो. काटा थरथरत होता, भाऊ. तबकडी नाही, काही नाही, पूर्ण शांतता, माझ्यापुरती, आणि काटा तापातल्या माणसासारखा थरथरतोय. जे मला ऐकू येत नव्हतं ते समोर दिसून राहिलं होतं. सातवी की आठवी तार. सूर आत नेणारी, ती बाहेर पडणाऱ्या सुराच्या तारेला खेटून बसली होती. बाहेरचं पुन्हा आत, आतलं मोठं होऊन पुन्हा बाहेर. काडीने तिला अर्धा इंच बाजूला सारलं. काटा खाली आला आणि निवांत पडला.

मी अमृताकडे बघितलं. तिच्या कपाळावरची आठी गेली, खांदे खाली आले. शांतता कशी येते ते मी माझ्या पोरीच्या तोंडावर बघितलं.

"बंद झाला," ती म्हणाली. मला माहीत होतं.

मग सनई लावली. थोड्या वेळाने ती म्हणते, "पप्पा, वाजवणारे श्वास घेतात ना मध्ये, तोसुद्धा येतोय." मला तो येत नाही. यापुढे येणारही नाही. पण तो त्या पेटीतून निघतो. मी स्वतः गुंडाळलेल्या तारेतून, माझ्या भिंतींच्या आत, कुठल्या काळातला कोण सनईवाला, तो दम घेतो आणि माझी पोरगी तो ऐकते. मला न ऐकू येणारी गोष्ट माझ्या हातून घडली. देवळात कधी वाटलं नाही ते मला तेव्हा वाटलं.

आणि तुझ्या बाबतीतही तेव्हाच उमगलं. तू किती वर्षं असा काट्यावर काम करत होतास? पाच? आठ? गिऱ्हाइकाला कळलं नाही. तुझ्या शेजारच्या स्टुलावर बसणाऱ्या मलाही कळलं नाही. आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी काय केलं?

ती लग्नपत्रिका जयश्रीच्या लग्नाची होती. मागच्या पत्रात नाव लिहायचं टाळलं. आपल्या भाचीचं लग्न, आपलाच माइक, आपलाच भोंगा. मंगलाष्टका चालू असताना माइक शिट्टी मारायला लागला. तू मशीनशी बसला होतास, पाठ मांडवाकडे, आणि तुला पत्ता नव्हता. लोक कानांवर हात ठेवत होते. मला तुझ्यापर्यंत वीस पावलं चालायचं होतं, बस. मी माइक हातात घेतला आणि चारशे माणसांसमोर म्हणालो, "आमच्या भाऊला ऐकू येत नाही, जवळ कुणी असेल तर जरा ढोसा त्याला." मांडव हसला. तू वळून बघितलंस, काय झालं ते न कळता तूही हसलास. तू हसलास म्हणून मी धरून चाललो की विषय संपला. दुसऱ्या दिवशी किल्ली आणि मीटर.

गंमत केली होती, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. ती गंमत नव्हती. तुझ्यापेक्षा माझे कान चांगले आहेत, हे मला चारशे माणसांना सांगायचं होतं.

ट्रान्सफॉर्मर उघडून ती पट्टी मी बाहेर काढली आहे. सध्या पेटी बंद आहे. फटीत योग्य कागद पाहिजे, आणि डाव्या-उजव्या दोन्हीत एकाच जातीचा पाहिजे, नाहीतर सूर एका बाजूला झुकतो. रविवारी, सोळा तारखेला, सकाळच्या गाडीने फोपनारला येतो. आता खाजगी गाड्या झाल्यात, कंडक्टर पैसे घेतो आणि तिकीट देत नाही. मी भांडून घेईन. येतानाचं उजव्याला घालू, जातानाचं मी घरी डाव्याला घालीन. पातळ निघालं तर घडी घालून मोजू. उजव्याची तार, पत्रा आणि तुझा मीटर पिशवीत आणतोय. काटा तू बघ, गुंडाळायला मी बसतो.

बोलायला नको असेल तर बोलू नको. पण पाठ करून बसू नको, एवढं ऐक. तुझं तोंड दिसलं नाही, तर आता मलाही नीट कळत नाही.

अर्ध्या कानाचा, पण तुझाच लहाना,
लीलाधर