हरारेचा मुहूर्त

७ जुलै, सोमवार, सकाळी १०
नोकरी जाऊन आज सात आठवडे. यापुढे 'नोकरी गेली' लिहायचं नाही, 'मोकळा झालो' लिहायचं. इथे इंग्लंडात, ब्रॅकनेलच्या ऑफिसात एकवीस वर्षं लोकांचे सर्व्हर सांभाळले. आता स्वतःचा ब्रँड.

कल्पना पूर्णपणे माझी. माझ्या बायकोच्या, वैजयंतीच्या, हॉस्पिटलातल्या वॉर्डवरची सिस्टर टेंडाई मूळची झिम्बाब्वेची. बायकोच्या हातची शेंगदाण्याची चटणी ती चार वर्षं मक्याच्या उकडीवर घालून खातेय. आता तिच्या भावाला हरारेतल्या आणि मलावीतल्या दुकानांसाठी बरण्या हव्यात. काल जेवताना वैजयंती हेच सांगत होती. नाव 'खलबत्ता' ठेवलं तर कसं, असं तिनं विचारलं आणि त्याच क्षणी मला नाव सुचलं. खलबत्ता.

संकल्प: १. ट्रेडमार्क मी करणार. २. कुणाला सांगायचं नाही, सरप्राइज. ३. रोज सहाला उठायचं.

९ जुलै, बुधवार, ९:४५ (उठलो)
रिसर्च झाला. आफ्रिकेत देशोदेशी वेगळे अर्ज करत बसावं लागत नाही. हरारेत एक प्रादेशिक ऑफिस आहे. तिथे एकच अर्ज भरायचा आणि त्यात हवे ते सदस्य देश लिहायचे. माझ्यासारख्या मोठा विचार करणाऱ्या माणसासाठीच ही सोय असावी.

आपण बाहेरचे, म्हणून तिथला एजंट लागतो. मिस्टर मुतासा नावाचे गृहस्थ सापडले. त्यांना आफ्रिकेचा नकाशा पाठवला, हवे ते देश हिरव्या हायलायटरनं रंगवून. त्यांनी नम्रपणे कळवलं की रंगवलेल्यांपैकी नायजेरिया आणि साउथ आफ्रिका या व्यवस्थेत नाहीत आणि एक व्हिक्टोरिया सरोवर आहे.

१६ जुलै, बुधवार
मुतासांनी सर्च केला. 'खलबत्ता' नाव रिकामं आहे. वर्ग तीस, चटण्या आणि मसाले. आजच भरा म्हणाले, कारण ज्याचा अर्ज आधी त्याचा हक्क आधी. मला हसू आलं. भुईमुगाची चटणी, खलबत्ता नाव, कोण पळवणार?

अर्जदाराच्या रकान्यात काय लिहू, असंही त्यांनी विचारलं. माझं नाव दिलं. वैजयंतीला कागदपत्रांचा कंटाळा. (हॉस्पिटलात ती दिवसभर तेच करते, पण ते वेगळं.)

१७ जुलै, गुरुवार
पुण्याला उल्काताईला फोन. ताईचं स्पष्ट मत, चातुर्मास लागलाय, नवीन काही नको. गणपतीत चालेल का विचारलं, तर गणपतीत माणसाला आरत्या सोडून वेळ असतो का म्हणाली. पुढे पितृपक्ष. म्हणजे थेट दसरा, साडेतीन मुहूर्तांपैकी एक. २ ऑक्टोबर.

मुतासांना कळवलं. २ ऑक्टोबर ही इंग्लंडच्या कायद्याची अट आहे का, असं त्यांनी विचारलं. धार्मिक कारण आहे असं लिहिलं. उत्तर आलं, 'नोटेड'. समजूतदार माणूस.

रात्री वैजयंती म्हणाली की चटणीच्या नावाबद्दल तिला बोलायचंय. क्रिकेट चालू होतं. होईल सगळं, म्हटलं.

२ ऑगस्ट, शनिवार
लोगो तयार. गोल, मध्ये खलबत्ता, त्यामागे फाउंडरचा चेहरा. मिश्या जरा भरदार काढल्यात.

मेडनहेडहून तनिषा आली. लेक लंडनमध्ये सॉलिसिटर व्हायचं ट्रेनिंग घेतेय, म्हणून तिला फक्त लोगो दाखवला, ट्रेडमार्कसाठी आहे एवढंच सांगून. ती म्हणाली, बाबा तुझा प्लॅन छान आहे पण अर्जदार कोण? कॉन्फिडेन्शियल म्हटलं. आईला माहिती आहे का? सरप्राइज म्हटलं. तिनं लोगोकडे बराच वेळ बघितलं. इम्प्रेस झाली असावी.

२७ ऑगस्ट, बुधवार
गणपती बसले. टेंडाई दर्शनाला आली, साडी नेसून. आरतीनंतर ती, वैजयंती आणि तनिषा किचनमध्ये लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. मी मोदक घ्यायला आत गेलो तर तिघी गप्प. नोव्हेंबरात माझी साठी आहे. मी काही पाहिलंच नाही असं दाखवून चार मोदक घेऊन बाहेर आलो. बायका बिचाऱ्या काय काय करत असतात.

११ सप्टेंबर, गुरुवार, संध्याकाळी ६
पितृपक्ष. नवीन पेनसुद्धा घेत नाहीये.

चहाच्या वेळी वैजयंतीनं विचारलं की चटणीचे थोडे कागद या पंधरवड्यात केले तर माझी काही हरकत आहे का. म्हटलं, वेड लागलंय का, पितृपक्षात शुभकार्य? ती म्हणाली, तिच्या आजोबांनी दुकान पितृपक्षातच उघडलं होतं, तेव्हा सुतार लगेच मिळतात म्हणून, आणि ते दुकान साठ वर्षं चाललं. मी खूप हसलो. तीही थोडी हसली. मग म्हणाली, मी विचारलं होतं एवढं लक्षात ठेव.

टीप: साठीच्या हॉलचं बुकिंग असणार. 'चटणीचे कागद' हे निमित्त.

२१ सप्टेंबर, रविवार
गंभीर प्रश्न. दसऱ्याचा विजय मुहूर्त पुण्यात दुपारी दोन-दहाचा. पण पंचांग कुठलं धरायचं? मी ब्रॅकनेलला, अर्ज हरारेला, ताई पुण्यात. शिवाय हरारे विषुववृत्ताच्या खाली. तिथे मुहूर्त उलटा लागतो का?

ताईशी दीड तास चर्चा. ती म्हणाली, मूल जिथे जन्मतं तिथली कुंडली. मी म्हटलं, पण बाप ब्रॅकनेलला आहे. शेवटी तडजोड. वेळ पुण्याची, घड्याळ हरारेचं. सकाळी दहा-चाळीस. इथे ९:४०. म्हणजे मला उठावं लागेल.

मुतासांना कळवलं. नोटेड.

२ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी ९:४५
झालं. आंघोळ करून, लॅपटॉपला हळदकुंकू लावून बसलो. मुतासांनी दहा-चाळीसच्या ठोक्याला अर्ज पाठवला आणि स्क्रीनशॉट धाडला. झिम्बाब्वे, मलावी, बोट्सवाना, युगांडा. चार देश, एका मिनिटात. डोळे भरून आले. सात आठवडे नव्हे, वीस आठवडे झाले, माझ्याकडे कुणी काही काम मागितलेलं नाही. आता कुणी पार्टीत विचारलं की काय करतोस, तर सांगायला एक शब्द आहे.

वैजयंतीला साठीच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगेन.

९ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी ११
मुतासांचा मेल. पुन्हा सर्च केला, तर त्याच नावाचा, त्याच वर्गाचा एक अर्ज आमच्या आधी दाखल आहे. तारीख १५ सप्टेंबर. दुसऱ्या एजंटाकडून. तोही शेंगदाण्याच्या चटणीसाठी.

चोरी. सरळसरळ चोरी. ऐन पितृपक्षात, म्हणजे माणूस कुठल्या थराचा असेल. मुतासांना लिहिलं, शेवटपर्यंत लढा, कोण आहे हा?

११:२०
उत्तर आलं. अर्जदार बाई आहेत. पत्ता तुमचाच आहे. आपण त्यांना ओळखता का, असं त्यांनी अत्यंत सभ्यपणे विचारलंय.

दुपारी ४
वैजयंतीची शिफ्ट संपेपर्यंत घरात फेऱ्या मारल्या. भाषण तयार केलं होतं. 'विश्वास' हा शब्द तीनदा येत होता.

ती आली, बूट काढले, मी प्रिंटआउट पुढे केला. तिनं वाचला आणि सांगितलं की हो, तनिषानं फॉर्म समजावला, टेंडाईच्या भावानं एजंट दिला, बरण्यांची पहिली खोकी पाठवण्याआधी नाव नोंदलेलं असावं असा त्याचा आग्रह होता. मला तिनं जुलैत सांगायचा प्रयत्न केला, सप्टेंबरात विचारलं. मी भाषणातला पहिला 'विश्वास' उच्चारला. तेवढ्यात तिनं माझ्या अर्जाची कॉपी मागितली. दिली.

तिनं अर्जदाराच्या रकान्यावर बोट ठेवलं. चटणी माझी, नाव मी ठेवलं, तर अर्जदार म्हणून माझं नाव घालावंसं तुला एकदाही वाटलं नाही का, एवढंच तिनं विचारलं. आवाज चढवला नाही. मी सरप्राइज म्हणालो. तो शब्द तोंडातून निघाल्यावर मलाच पटेना. फार लाज वाटली. भाषण खिशातच राहिलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
मुतासांना लिहिलं, अर्ज मागे घ्या. कारण लिहायचं का, विचारलं त्यांनी. लिहिलं, हक्क तिचाच आहे. हे वाक्य लिहायला पाऊण तास लागला.

साठीला हॉल वगैरे काही नाही. तनिषाला विचारलं, ती म्हणाली, बाबा कुठला हॉल?

वैजयंतीनं शनिवारसाठी एका चर्चचं किचन भाड्यानं घेतलंय. पहिल्या तीनशे बरण्या. मी विचारलं, माझं डेझिग्नेशन काय राहील? ती म्हणाली, एप्रन दाराच्या मागे असतो.

११ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी ७
किचन. टेंडाई लसूण सोलतेय, तनिषा लेबलं लावतेय. लेबलावर खलबत्ता आहे, चेहरा कुणाचाच नाही. वैजयंतीनं विचारलं, शेंगदाणे भाजता येतात ना? सत्तावीस वर्षं तिच्या हातची चटणी खातोय. अर्थात, म्हटलं.

७:४०
पहिला घाणा करपला. पूर्ण काळा. धूर, अलार्म, चर्चचा केअरटेकर धावत आला. मी गॅसबद्दल, कढईच्या जाडीबद्दल काहीतरी सांगायला लागलो आणि मग थांबलो. म्हटलं, येत नाही. दाखव.

वैजयंतीनं खिडकी उघडली, करपलेले दाणे बिनमध्ये ओतले आणि गॅस बारीक केला. हात थांबवायचा नाही, म्हणाली. मग उलथनं माझ्या हातात दिलं आणि बरण्या मोजायला गेली.