जमिनीवर टेकलेला हात

प्रिय जारेल,

फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ करतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हे कागदावर लिहितोय. शेवटपर्यंत वाच.

वसंतातला तुमच्या कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा सराव सामना बघायला आम्ही चर्चची बस भरून आलो होतो. तुझ्या आईने तुझ्या नंबरचा शर्ट घातला होता, क्लिओफस न्हावी तर दुकान बंद ठेवून आला होता. आणि तू काय दिवे लावलेस? चेंडू हलायच्या आत दोनदा रेषा ओलांडलीस! समोरचा क्वार्टरबॅक, तो चेंडू फेकणारा, फसवायला नुसता ओरडला आणि तू उडालास. शाळेच्या संघात तुला शिकवत होतो तेव्हा कितीदा सांगितलं, कानांनी खेळू नकोस, चेंडूकडे बघ. क्लिओफस म्हणाला, "ओटिस, तुझा भाचा पुढच्या मोसमात दंडापायी समोरच्यांना पाच-पाच यार्ड मैदान फुकट वाटणार बघ!" परतीच्या वाटेवर सगळी बस हसत होती. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

बरं, बचावफळीच्या मधोमध उभं राहायचं तर अंग हवंच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण समोरच्या धटिंगणाला दोन्ही हातांनी रेटायचं सोडून तू त्याच्या अंगावर नुसता रेलून उभा! ईस्टरला घरी आलास तेव्हाही तीच तऱ्हा. बर्फाची पेटी गाडीतून उतरवायला आईला लावलीस आणि स्वतः डाव्या हाताने तळलेले मासे हाणत राहिलास. "कॉलेजात गेला आणि राजा झाला," असं ती म्हणाली. मीही चार शब्द सुनावले.

संताप येतो तो यासाठी की पान वाढून ठेवलंय. तुझ्या पुढचा गडी पदवी घेऊन गेला, जागा रिकामी झाली. या मोसमासाठी तू इतके दिवस बाकावर बसून काढलेस. तुझ्यासारखे हात मी शाळेच्या संघात पुन्हा पाहिले नाहीत, हे तुला तोंडावर कधी सांगितलं नव्हतं.

परवा तुमच्या संघाचे प्रशिक्षक ब्रॅनिगन सर यांचा फोन आला. "ओटिस, पोरगा तू घडवलायस. खरं सांग, सप्टेंबरपासून त्याला पहिल्या फळीत उभा करू का? रविवारी कळव." उत्तर द्यायचं म्हणून त्या सामन्याचं चित्रीकरण पुन्हा लावलं, या खेपेला फक्त तुझ्याकडे बघत. आणि दिसलं. डाव सुरू व्हायच्या आधी खाली वाकताना तू डावा हात जमिनीला टेकतोयस. मी तुला उजवा टेकायला शिकवलं आणि आजवर तू तो कधीच बदलला नव्हतास. उजवा खांदा गेलाय ना? त्यावर धक्का बसू नये म्हणून आधीच उडी मारतोस. पेटी उचलली नाहीस तीही म्हणूनच. आणि जागा जाईल या भीतीने कुणाला सांगत नाहीस, गाढवा!

आत्ता उन्हाळ्यात खांदा दाखवलास तर ऑक्टोबरात तरी मैदानावर येशील. ऑगस्टच्या सरावात तो निखळला तर पुढचा मोसमच काय, सगळंच संपेल. रविवारच्या आत संघाच्या डॉक्टरकडे जा आणि स्वतःच्या तोंडाने सांग. नाहीतर मी ब्रॅनिगन सरांना सांगेन. मग जन्मभर माझ्याशी बोलू नकोस, चालेल मला. तुझी आई तुला अजून आळशीच समजते. रविवारपर्यंत समजू दे.

तुझाच, चिडलेला,
ओटिस मामा